हत्ती गेला, शेपूट राहिलं? मग आता घाई नको!



"सर, नव्वद टक्के काम झालंय, आता उरकूनच टाकतो." हे वाक्य ऐकलं की मला धडकी भरते. कारण धंद्यातलं मोठं नुकसान बरेचदा याच उरलेल्या दहा टक्क्यांत होतं. का, ते समुद्रावरच्या एका खऱ्या गोष्टीवरून सांगतो.

१९६८ साली ब्रिटनच्या 'संडे टाइम्स' वृत्तपत्राने एक शर्यत जाहीर केली. शिडाच्या बोटीतून, एकट्याने, कुठल्याही बंदरात न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायची. नऊ जण वेगवेगळ्या तारखांना निघाले. ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन सर्वांत आधी परतला. त्याची ३२ फुटी सागवानी 'सुहैली' आपल्या मुंबईत बांधलेली, बरं का! पण सर्वांत कमी दिवसांत येणाऱ्याचं ५ हजार पौंडांचं बक्षीस अजून बाकी होतं.

त्याच्या अगदी जवळ होता नायजेल टेटली. त्याची बोट होती प्लायवूडची ट्रायमरान, म्हणजे मधे मोठी होडी आणि दोन्ही बाजूंना आधाराच्या दोन लहान होड्या. बोट खिळखिळी झाली होती. डागडुजी करत तो तिला जपून आणत होता. जगाची फेरी तर पुरी झाली होती, फक्त घर गाठायचं होतं.

तेवढ्यात रेडिओवर कळलं, की डोनाल्ड क्रोहर्स्ट मागून वेगाने येतोय. टेटलीने बोट ताणली. मे महिन्यात अझोर्स बेटांजवळ वादळात बोट फुटली आणि बुडाली. घर फक्त १,१०० सागरी मैलांवर होतं! तराफ्यात उतरला म्हणून जीव वाचला.

आणि क्रोहर्स्ट? तो अटलांटिक सोडून कधी गेलाच नव्हता. त्याने कळवलेला ठावठिकाणा खोटा होता.

आता स्वतःकडे बघा. शेजारचा मोबाईलवर दहा लाखांच्या विक्रीचा स्क्रीनशॉट टाकतो. तो खरा की खोटा, तुम्हाला माहीत नाही. पण त्या रात्री तुम्ही ठरवता, की मशीनची ट्रायल अर्धवट सोडून उद्याच उत्पादन सुरू करायचं. स्पर्धकाकडे लक्ष जरूर ठेवा, पण तुमची बोट किती ताण सोसेल, हे तुमच्या बोटीलाच विचारा.

काही जण म्हणतील, "सर, वेग नको का?" हवा ना! पण तो मोकळ्या समुद्रात. किनारा जवळ आला की खडक येतात, मोठ्या जहाजांची वर्दळ वाढते, मच्छीमारांची जाळी असतात. एकट्या खलाशाला नेमकी तिथेच सलग झोप घेता येत नाही, आणि नेमका तिथेच तो सर्वांत जास्त थकलेला असतो.

दिवाळी फराळाच्या ऑर्डरचं हेच होतं. चकल्या खुसखुशीत झाल्या, आणि शेवटच्या रात्री पेंगत पॅकिंग करताना सील नीट लागलं नाही. पंधरा दिवसांची मेहनत मऊ पडली! गिऱ्हाईक तुमची मेहनत बघत नाही, हातात आलेलं पाकीट बघतं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: शेवटच्या टप्प्यासाठी वेळ, पैसा आणि ताकद आधीच राखून ठेवा. डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी नवीन काही सुरू करू नका. वजन, सील, लेबल, बिल, पत्ता हे सगळं ताज्या डोक्याच्या दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या. आणि पैसे खात्यात जमा होईपर्यंत "झालं" म्हणू नका.

धीर धरणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे. हात कामात आणि डोळे उघडे, हाच धीर.

तुमचं जे काम "झाल्यातच जमा" आहे, ते आज डोळ्यांसमोर आणा. त्यात नेमकं काय उरलंय, ते वहीत एकेका ओळीत लिहा. यादी तुम्हाला वाटतेय त्यापेक्षा लांब निघेल!