टेस्टोस्टेरॉन : एका आकड्यावर इंजेक्शन नको

वरठी हे पोलाद कारखान्याचे आणि भंडारा रोड रेल्वे स्थानकाचे गाव. रात्रपाळी येथे नवी नाही. समजा, पस्तिशीतला एखादा कामगार थकवा, चिडचिड, कमी झालेली कामेच्छा अंगावर काढतो. शेवटी एके दिवशी रात्रपाळी आटोपून, चहा-नाश्ता करून, झोप न घेताच रक्त देतो. टेस्टोस्टेरॉन कमी येते आणि कोणीतरी लगेच ताकदीचे इंजेक्शन सुचवते. घाई होते ती येथेच.

टेस्टोस्टेरॉन दिवसभर सारखे नसते. ते झोपेत वाढते, सकाळी सर्वाधिक असते आणि नंतर उतरते. अपुरी झोप, आजारपण आणि नुकतेच खाल्लेले अन्न यांनीही ते घटते. म्हणून पुरेशा झोपेनंतर, सकाळी, उपाशीपोटी नमुना द्यावा. रात्रपाळी करणाऱ्याने दिवसपाळीच्या आठवड्यात, काही रात्री नीट झोप झाल्यावर तपासणी करावी. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 300 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी पातळी दोन वेगवेगळ्या दिवशीच्या सकाळच्या नमुन्यांत आढळावी आणि लक्षणेही असावीत. तरच निदान होते.

त्यानंतर एलएच ही तपासणी पाहतात. वृषणांना टेस्टोस्टेरॉन तयार करण्याचा निरोप देणारे हे संप्रेरक मेंदूतील पीयूषिका ग्रंथीतून येते. ते वाढलेले असेल तर दोष बहुधा वृषणांत असतो. ते वाढलेले नसेल तर पीयूषिकेकडे पाहावे लागते आणि प्रोलॅक्टिनही तपासावे लागते. थकव्याचे मूळ मधुमेह, थायरॉईड, रक्तक्षय, नैराश्य किंवा झोपेत श्वास अडकणे यांतही असू शकते. विदर्भात सिकलसेलही विसरून चालत नाही.

बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागले की पीयूषिकेचा निरोप थांबतो. शुक्राणू घटतात, कधी पूर्ण नाहीसे होतात. औषध बंद केल्यावर ते परत यायला अनेक महिने, काहींना वर्षाहून अधिक काळ लागतो. बाप होऊ इच्छिणाऱ्या तरुणासाठी ही किंमत फार मोठी आहे.

खरी कमतरता असेल तर उपचार आहेत आणि ते जरूर घ्यावेत. मात्र प्रयोगशाळांनी रिपोर्टवर नमुन्याची वेळ ठळक छापावी, डॉक्टरांनी पाळी आणि झोप विचारावी आणि पुरुषांनी कामेच्छेबद्दल बोलताना संकोच सोडावा. एवढ्यानेही अनेक चुकीची इंजेक्शने टळतील.