शेवटचा होल किती अवघड असावा?

म्हैसूरला चामुंडी टेकडीच्या पायथ्याशी जयचामराजेंद्र वडियार गोल्फ क्लबचे १८ होलचे मैदान आहे. अशा क्लबात हौशी मंडळीच अधिक. त्यांच्यासाठी अठरावा होल किती अवघड असावा?

ब्रिटिश ओपनचे दोन दाखले बोलके आहेत. १९९९ मध्ये कार्नूस्टीच्या कठीण अठराव्या होलवर व्हान द व्हेल्ड तीन फटक्यांची आघाडी घेऊन आला. चेंडू ओढ्यात गेला, सात फटके लागले, जेतेपद हुकले. सेंट अँड्र्यूजचा अठरावा होल त्यामानाने सोपा. तरी १९७० मध्ये तिथेच डग सँडर्सचा अगदी जवळचा पट चुकला आणि दुसऱ्या दिवशी निकलस जिंकला.

म्हणजे दडपण आणायला खाचखळगेच लागतात असे नाही. धाडस करणाऱ्याला बक्षीस आणि चुकल्यास दंड जरूर असावा. पण नवख्यालाही एक सुखरूप वाट हवी. शेवटी हिरमुसून घरी गेलेला सभासद पुढच्या रविवारी येईलच कशाला?