सगळी अंडी वाचवायची कशाला?

फेब्रुवारी-मार्च आला की नातेवाइकांची विचारणा सुरू होते. "अरे, आमचा एक गोल्डफिश दुसऱ्याच्या मागे हात धुवून लागलाय, वेगळा काढू का?" नका काढू हो. त्याच्या कल्ल्यांच्या झाकणांवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके असतील तर तो नर आहे आणि वयात आलाय, एवढाच त्याचा अर्थ. गार पाणी हळूहळू कोमट व्हायला लागलं की हे मासे विणीला येतात. आमच्या एटापल्लीत हे काम फुकटात होतं. जानेवारीत जंगलातली थंडी टाकीत उतरते, महिनाभरात ऊन चढतं. हीटर नको की काही नको.

मग एका सकाळी पाणवनस्पतींना खसखशीपेक्षा जरा मोठे, फिकट पिवळसर मणी चिकटलेले दिसतात. आणि पुढचा प्रश्न येतो, "आईबापच अंडी खातायत, कशी वाचवू?"

माझं मत ऐकून बरेच जण नाराज होतात, पण सांगतोच. सगळी वाचवू नका!

एक मादी एका वेळी शेकड्यांनी अंडी घालते, मोठी असेल तर हजारांनी. समजा शंभर पिल्लं जगली. पूर्ण वाढलेल्या एका गोल्डफिशला चाळीसेक लिटर पाणी हवं. म्हणजे चार हजार लिटर. गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी असते ना, तशा चार! बरं, हा मासा दहा-पंधरा वर्षं सहज जगतो (इंग्लंडमधला टिश नावाचा गोल्डफिश तर ४३ वर्षांचा होऊन १९९९ साली गेला). आणि पिल्लं मोठी होतात नेमकी एप्रिल-मे मध्ये. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, त्यात लाईन गेली की हवेचा पंप बंद.

मग माणसं काय करतात? "बिचारे जगतील तरी" म्हणून बोडीत नाहीतर नाल्यात सोडून देतात. माझा खरा राग इथे आहे. पावसात बोडी भरली की पाणी नाल्यात, नाल्याचं बांडियात, तिथून इंद्रावतीत. अमेरिकेत मिनेसोटातल्या बर्न्सव्हिल गावात २०२१ साली तळ्यातून फुटबॉलएवढे गोल्डफिश निघाले, सगळे कुणीतरी 'दयेने' सोडलेल्यांचे वंशज. हा मासा तळाचा चिखल उकरतो, पाणवनस्पती उपटतो, दुसऱ्यांची अंडी खातो. शिवाय रोहू-कटल्याच्याच कुळातला, त्यामुळे टाकीतले परजीवी त्यांनाही लागू शकतात. आमच्याकडे पहिल्या पावसात मासे धानाच्या बांधीत चढतात, आणि कितीतरी घरांचं त्या दिवसांतलं कालवण तेच असतं. आपल्या हौसेची किंमत त्या ताटाने का द्यावी?

मावशी म्हणते, "अरे पण अंडी आईबापांना खाऊ द्यायची म्हणजे पापच की!" अगं मावशी, बहुतेक खाल्ली जाणार म्हणून तर ती हजारांनी घालते.

तर आधी घरं मोजा, मग अंडी. चार घरं नक्की असतील तर अंडी चिकटलेली एकच फांदी उचला. टाकीचंच पाणी वीतभर घेऊन पसरट टबात ठेवा, हवा अगदी हलकी सोडा. मिथिलीन ब्लूचे दोन-चार थेंब पुरतात. पांढरी पडलेली अंडी रोज काढायची, नाहीतर त्यांची बुरशी शेजारच्यांना धरते. साधारण २४ अंशाला चार दिवसांत पिल्लं निघतात आणि भिंतीला चिकटून नुसती लटकतात. तेव्हा काही घालू नका, पोटाशी शिदोरी असते. पोहायला लागली की उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून पिळून, दोन थेंब. दोनच! जास्त झालं की पाणी नासतं. आणि रंग? पहिले दोन-तीन महिने सगळी मातकट. "हे कसले गोल्डफिश" म्हणून कुणी परत आणून देऊ नये.

यंदा आमच्याकडे नऊ आहेत. चार अहेरीला जातील, तीन आलापल्लीला, दोन आमची. बुकिंग फुल्ल!