स्वप्न तुमचं, कागद कुणाचा?

जेडचं 'एंजल ऑफ माय ड्रीम्स' पहिल्यांदा ऐकताना वाटतं, दोन-तीन गाणी चुकून एकात मिसळलीत. आधी जुन्या रेकॉर्डवरचा आवाज, मग भलामोठा हळवा कोरस, आणि त्यात आपण रमतोय तोवर एकदम क्लबमधला दणदणीत बीट. शब्द नीट न ऐकता प्लेलिस्टमध्ये टाकलं असेल तर हे तुम्हाला प्रेमगीत वाटेल. तसं ते आहेही. फक्त हे प्रेम एखाद्या मुलावर नाही, म्युझिक इंडस्ट्रीवर आहे. आणि राग? तोही तिच्यावरच!

जेड म्हणजे 'लिटल मिक्स'मधली जेड थर्लवॉल. इंग्लंडमधल्या साउथ शील्ड्सची ही मुलगी २००८ आणि २०१० मध्ये 'द एक्स फॅक्टर'ची ऑडिशन देऊन परत आली होती. २०११ मध्ये ती पुन्हा गेली. वेगवेगळ्या आलेल्या चार मुलींचा शोने एक ग्रुप केला, आणि 'एक्स फॅक्टर' जिंकणारा तो ब्रिटनमधला पहिला ग्रुप ठरला. तेव्हा जेड अजून एकोणीस वर्षांचीही झाली नव्हती. विजेत्याला बक्षीस काय, तर सायमन कॉवेलच्या 'सायको' कंपनीबरोबर करार. म्हणजे शो त्यांचा, जज त्यांचे आणि जिंकल्यावर सही करायचा कागदही त्यांचाच.

आता गाण्याकडे परत या. सुरुवातीचा तो जुना आवाज आहे सँडी शॉचा. तिने 'पपेट ऑन अ स्ट्रिंग' गाऊन १९६७ मध्ये ब्रिटनला पहिल्यांदा युरोव्हिजन जिंकून दिलं. ते गाणं आपल्याला आवडत नाही, हे तिने नंतर उघडपणे सांगितलं. नको असलेलं गाणं, त्याचं नाव 'कळसूत्री बाहुली', आणि आयुष्यभर ओळख त्याचीच. जेडने नेमका हाच तुकडा उचलला. पुढे 'सायको' या शब्दावर ती कोटीही करते. माथेफिरू या अर्थाचा इंग्रजी शब्द आणि तिच्या जुन्या कंपनीचं नाव, दोन्हींचा उच्चार एकच. ज्याला कळायचं त्याला बरोबर कळतं.

इथवर हे बंडखोर गाणं वाटतं. पण जरा थांबा. 'लिटल मिक्स'ने २०१८ मध्ये 'सायको' सोडलं आणि 'आरसीए' गाठलं. त्या वेळी सायकोत सोनीची भागीदारी होती, आणि आरसीए तर सोनीचंच लेबल. म्हणजे खोली बदलली, बिल्डिंग तीच! जेडचं हे गाणंही आरसीएनेच काढलं. मार्च २०२५ मध्ये ब्रिट अवॉर्ड्सच्या मंचावर तिने ते गायलं आणि त्याच रात्री बेस्ट पॉपचं अवॉर्डही घेतलं. हे ब्रिट अवॉर्ड्स चालवतं कोण? रेकॉर्ड कंपन्यांचीच संघटना. इंडस्ट्रीला शिव्या देणारं गाणं इंडस्ट्रीनेच विकलं आणि त्याला टाळ्याही तिनेच वाजवल्या.

मग हा सगळा दिखावाच का? मला तसं वाटत नाही. फरक बघायचा तर क्रेडिट्समध्ये बघा. २०११ मध्ये जिंकल्याबरोबर 'लिटल मिक्स'चं पहिलं गाणं आलं, 'कॅननबॉल'. ते नंबर वन झालं, पण होतं डेमियन राइसच्या जुन्या गाण्याचं कव्हर. कव्हर गाजलं की गीत-संगीताच्या हक्काचे पैसे मूळ लिहिणाऱ्याकडे जातात, आणि रेकॉर्डिंगची मालकी सहसा लेबलकडे असते. गाणाऱ्याच्या हातात कराराने ठरलेला वाटा उरतो. 'एंजल ऑफ माय ड्रीम्स'च्या लेखकांमध्ये मात्र जेडचं नाव आहे. म्हणजे लेबल तेच असलं तरी गाण्यातला एक हिस्सा तिचा आहे. तेरा वर्षांत तिने कमावलं ते हे. तक्रार करायची मोकळीक नंतर आली, आधी नाव योग्य जागी लागलं.

ही भानगड आपल्याकडेही जुनीच आहे. साठच्या दशकात लता मंगेशकरांनी गायकांना रॉयल्टी मिळावी म्हणून आग्रह धरला. मोहम्मद रफींचं मत वेगळं होतं: गाण्याचे पैसे मिळाले, विषय संपला. या वादापायी दोघं काही वर्षं एकत्र गायले नाहीत. कायदा बदलायला २०१२ उजाडलं. त्या दुरुस्तीनंतर सिनेमातल्या गाण्याच्या गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा निर्मात्याला किंवा कंपनीला लिहून देऊन टाकता येत नाही. कलाकारांच्या रॉयल्टीची तरतूदही तेव्हाच आली. लतादीदींसारख्या आवाजालाही जे भांडून मागावं लागलं, ते नवख्या पोरांना कुणी आपणहून देईल का?

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे पॉपस्टार? पण तुमच्यापैकी कुणाचा बँड आहे, कुणी शॉर्टफिल्म करतंय, कुणी ब्रँडसाठी रील्स बनवतंय, कुणी नुसत्या सर्टिफिकेटवर इंटर्नशिप करतंय. आपल्याला हे काम मनापासून हवं असतं आणि समोरच्याला ते पक्कं माहीत असतं. 'एवढी मोठी संधी आहे, पैशाचं काय घेऊन बसलास?' हे वाक्य तिथूनच येतं. जेडच्या गाण्यात प्रेम आणि राग एकाच व्यक्तीकडे वळलेत ते यामुळेच. ज्याने स्वप्न दाखवलं, त्यानेच कागद पुढे केला.

म्हणून सही करायच्या आधी तीन गोष्टी शोधा. काम कुणाच्या मालकीचं होणार? किती वर्षांसाठी? आणि नाव कुठे लागणार? 'कायमस्वरूपी' आणि 'फक्त आमच्यासाठीच' असे शब्द दिसले तर तिथे बोट ठेवून अर्थ विचारा. लॉ कॉलेजमधला एखादा मित्र गाठा, चहा पाजा आणि कागद वाचून घ्या.

आणि हे काहीच जमलं नाही, तर एवढंच विचारा, 'हा कागद दोन दिवस घरी नेऊ का?' उत्तर 'हो' असो की 'नाही', समोरच्याबद्दल बरंच काही तिथल्या तिथे कळेल.