रंगमंचावरची जखम



१४ एप्रिल जवळ आला की वस्तीवस्तीत नाटुकल्यांच्या तालमी सुरू होतात. त्यांत महाडचा प्रसंग हमखास असतो. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्याले आणि त्यांच्यामागोमाग हजारो माणसे प्याली. त्यानंतर ‘हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार’ अशी अफवा गावात उठली आणि परतीच्या तयारीत असलेल्या आपल्या माणसांवर काठ्या पडल्या. पुष्कळ जण जखमी झाले.

हा प्रसंग करताना आपली मुले सदऱ्यावर लाल रंगाची बाटली ओततात. पाहणारे हसतात. आपल्या आजा-पणज्यांनी खाल्लेल्या माराचे हसू व्हावे, हे बरे नव्हे. २० मार्च २०२७ हा त्या दिवसाचा शंभरावा वाढदिवस. निदान त्यासाठी तरी जखम नीट दाखवायला शिकू या. साहित्य बहुतेक घरातलेच आहे आणि खर्चही फारसा नाही.

प्रथम रक्त. साखरेचा घट्ट पाक करून पूर्ण थंड होऊ द्यावा. त्यात खाण्याचा लाल रंग आणि चिमूटभर कॉफी किंवा कोको घालावा. नुसता लाल रंग सरबतासारखा दिसतो, कॉफीने त्याला काळपट झाक येते. वाळलेले रक्त दाखवायचे असेल तर कॉफी वाढवावी, कारण रक्त वाळले की तपकिरी होते. हा रंग कपड्यावर डाग धरतो, तेव्हा जुनाच सदरा वापरावा.

आता फाटलेली जखम. एक चमचा व्हॅसलीनमध्ये थोडा थोडा मैदा घालून मळावे. गोळा बोटाला चिकटेनासा झाला की पुरे. कातडीच्या रंगाशी जुळेल इतका कोको त्यात मिसळावा. कपाळावर पातळ थापून कडा बोटाने सपाट कराव्यात आणि चमच्याच्या दांड्याने मधोमध चीर पाडावी. चेहऱ्याजवळ सुरी-ब्लेड मुळीच नेऊ नये. दगडाने फुटलेले कपाळ सरळ रेघेत चिरत नाही, म्हणून चीर वेडीवाकडी असावी. चिरेत गडद रंग भरून रक्ताचा एकच ओघळ वरून खाली सोडावा. दिव्यांच्या उष्णतेने हा लेप मऊ पडतो, तेव्हा तो प्रवेशाच्या थोडा आधीच लावावा.

काठीचा वळ मात्र वेगळा. गोल काठी जोरात बसली की मधली जागा फिकी राहते आणि दोन्ही बाजूंना दोन समांतर रेघा उठतात. पाठीवर किंवा दंडावर अशा दोन रेघा लिपस्टिकने ओढून बोटाने पुसट कराव्यात. जाणत्याला लगेच कळते की ही काठीच आहे.

मुका मार दाखवताना आपल्या कातडीकडे पाहावे. बाजारातल्या रंगाच्या डब्यात ‘अंगाचा रंग’ म्हणून बहुधा गोरा-गुलाबी रंग असतो. तो आपल्या सावळ्या मुलांच्या अंगावर पांढऱ्या ठिगळासारखा दिसतो. सावळ्या अंगावर ताजा मार गुलाबी दिसत नाही, तो काळपट लाल, जांभळट किंवा गर्द तपकिरी दिसतो. तेव्हा गडद लिपस्टिक आणि अगदी थोडे काजळ एकत्र करून लावावे. चार-पाच दिवसांनंतरचा प्रवेश असेल तर कडा थोड्या हिरवट-पिवळसर कराव्यात. डोक्याला पट्टी बांधायची तर जुन्या धोतराची फाडलेली चिंधी शोभते, दवाखान्यातली पांढरीशुभ्र नको.

माता-भगिनींनी एवढी काळजी घ्यावी. शेंदूर वापरू नये, त्यात शिसे असू शकते. होळीचे रंग, ऑइलपेंट, नेलपॉलिश, लाकूड चिकटवायचा गोंद यांतले काहीही मुलांच्या अंगाला लावू नये. जे लावायचे ते आदल्या दिवशी मनगटाच्या आत थोडे लावून पाहावे. खाज सुटली किंवा लाली आली तर तो बेत सोडावा. डोळ्यांजवळ आणि खऱ्या खरचटल्यावर काही लावू नये. काढताना आधी खोबरेल तेलाचा बोळा फिरवावा, मग साबण व कोमट पाणी. नुसत्या पाण्याने व्हॅसलीन निघत नाही.

किती जणांना जखमा दाखवायच्या? दोघा-तिघांना पुरेत. समोर बसलेल्या आया-आजोबांपैकी कितीकांनी १९७८ चा मराठवाडा पाहिला आहे, ११ जुलै १९९७ चे घाटकोपरचे रमाबाई नगर पाहिले आहे. त्यांना रक्ताचा पाट दाखवण्याची गरज नाही, एक ओघळही त्यांना पुरतो. त्यांना आधी कल्पना द्यावी. आणि प्रवेश मारावर संपवू नये. त्या दिवशी बाबासाहेबांनी आपल्या चिडलेल्या माणसांना हात उगारू दिला नाही. हा संयम दाखवला तरच त्या जखमेला अर्थ येतो.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. नाटक संपताच, मंडपाबाहेर पाऊल टाकण्यापूर्वी रंग धुऊन काढावा. रंगवलेल्या जखमेचा फोटो मोबाईलवरून कोणालाही पाठवू नये. जयंतीच्या रात्री रक्ताने माखलेला आपला मुलगा रस्त्यावर दिसला किंवा त्याचा फोटो चार ठिकाणी फिरला, तर नाटकाचा खुलासा करायला कोण कोणाकडे जाणार? महाडात एका खोट्या बातमीने काय केले, ते याच नाटकात आपण दाखवतो. तशी बातमी आपल्या मंडपातून निघता कामा नये. म्हणून मंडळाच्या एका कार्यकर्त्याने तेलाची बाटली, साबण आणि पाण्याची बादली घेऊन पडद्यामागे उभे राहावे, आणि प्रत्येक मुलाचे तोंड धुऊन झाल्यावरच त्याला घरी सोडावे.

जयभीम!