नगारूच्या वाऱ्यात चालेल असा कॅमेरा

मार्च उजाडला की पनवेलमधल्या ट्रेकर मंडळींची हिमालयाची तयारी सुरू होते. कुणी मे महिन्यातल्या सरपाससाठी यूथ हॉस्टेलचं बुकिंग केलेलं असतं, कुणी दिवाळीच्या सुट्टीत एव्हरेस्ट बेस कॅम्पला जायचं ठरवलेलं असतं. निजामुद्दीनपर्यंतची मंगला एक्स्प्रेसची तिकिटं हातात पडली, की प्रश्न येतोच, "ताई, हलका कॅमेरा कुठला घेऊ?" मी लगेच मॉडेलचं नाव सांगत नाही. आधी विचारते, कॅमेरा ठेवणार कुठे?

बहुतेकांचं उत्तर असतं, सॅकमध्ये. सॅकमध्ये कपड्यांच्या घड्यांखाली ठेवलेला कॅमेरा तीनशे ग्रॅमचा असला तरी वर गेल्यावर जडच. तो काढायचा म्हणजे थांबायचं, कमरेचा पट्टा सोडायचा, सॅक उतरवायची, चेन उघडायची, फोटो काढून सगळं पुन्हा जागेवर ठेवायचं आणि पुढे गेलेल्या ग्रुपला गाठायचं. कर्नाळ्याच्या वाटेवर हे दहा वेळा केलं तरी काही वाटत नाही. पण सरपासची खिंड साधारण ४२०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो आणि दर श्वासात मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी होतो. ५३६४ मीटरवरच्या एव्हरेस्ट बेस कॅम्पला तो जवळजवळ निम्म्यावर येतो. सॅक उतरवून पुन्हा पाठीवर चढवली की लागलेली धाप बसायला मिनिट-दोन मिनिटं जातात. एक-दोनदा असं झालं की माणूस कॅमेरा काढणंच सोडून देतो. उरलेला ट्रेक तो कॅमेरा नुसता वाहतो, आणि घरी आल्यावर पाहिलं तर खिंडीतल्या दिवसाचा एकही फोटो नसतो. त्या उंचीवर एक फोटो घ्यायला किती हालचाली कराव्या लागतात, याचाही भार वजनातच धरायला हवा.

ग्रॅमचा हिशेबही नीट मांडायला हवा, कारण बॉडीचं वजन बघून निर्णय घेतला की फसगत होते. निकॉनचा डी५६०० हा आपल्याकडे घरोघरी असलेला डीएसएलआर बॅटरी-कार्डासकट ४६५ ग्रॅम भरतो. त्याच कंपनीचा मिररलेस झेड५० भरतो ४५० ग्रॅम. म्हणजे बॉडीत वाचले जेमतेम १५ ग्रॅम. खरा फरक लेन्समध्ये आहे. डीएसएलआरवर लोक जी १८-१४० लावून फिरतात, ती एकटी ४९० ग्रॅमची. झेड५० सोबत येणारी घडी होणारी १६-५० फक्त १३५ ग्रॅमची. एकीकडे साडेनऊशे ग्रॅम, दुसरीकडे सहाशेच्या आत. अर्थात १४० पर्यंतचा झूम सोडायची तयारी हवी, फुकट काहीच मिळत नाही. बॅटरीचंही तसंच. डी५६०० एका चार्जवर कंपनीच्या मोजणीप्रमाणे ९७० फोटो देतो, झेड५० तीनशेच्या आसपास. मिररलेस घेतलात तर जादा बॅटऱ्यांचं वजन त्याच्याच खात्यात मांडा. बॉडी, लेन्स, बॅटऱ्या, चार्जर, पाऊच, सगळं एकत्र घरच्या काट्यावर ठेवा आणि मग बोला. एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाणाऱ्यांनी तर ठेवाच, कारण लुक्लाला जाणाऱ्या छोट्या विमानात माणशी सगळं मिळून १५ किलोचीच मुभा असते.

याहून हलकं हवं असेल तर खिशातले कॅमेरे आहेत. रिको जीआर ३ फक्त २५७ ग्रॅमचा, आणि त्यात सेन्सर मात्र डी५६०० एवढाच मोठा. रात्रीच्या आकाशासाठी इतक्या वजनात याहून चांगलं मला ठाऊक नाही. झूम नाही, बॅटरी लहान, आणि डोळ्याला लावून बघायचा व्ह्यूफाइंडरही नाही. सोनीचा आरएक्स१०० मार्क ७ हा ३०२ ग्रॅमचा. त्यात २०० मिलिमीटरपर्यंतचा झूम आहे आणि वर उचलून बघायचा छोटा व्ह्यूफाइंडरही आहे. सेन्सर लहान, किंमत मात्र लहान नाही.

व्ह्यूफाइंडरबद्दल माझं मत पक्कं आहे. बर्फावर असावाच. सकाळी आठ-नऊनंतर बर्फावरून उसळणाऱ्या उजेडात मागची स्क्रीन काळी ठिक्कर दिसते, त्यात गॉगल लावलेला. चौकट आणि प्रकाश दोन्ही अंदाजाने धरावे लागतात, आणि बर्फावर प्रकाशाचा अंदाज चुकतोच. समोरचं दृश्य मध्यम उजेडाचं आहे असं धरूनच कॅमेरा प्रकाश मोजतो, म्हणून पांढराशुभ्र बर्फ तो राखाडी करून टाकतो. एक ते दीड स्टॉप अधिक उजेड द्यायचा असतो. त्यासाठीचं चक्र हातमोज्यातल्या बोटाला लागेल असं बाहेर हवं. स्क्रीनला बोट लावून मेनूत शिरणं जाड मोज्यांनी जमत नाही, आणि वाऱ्यात मोजा काढला की दोन मिनिटांत बोटं बधिर होतात.

हलक्या, खिशातल्या कॅमेऱ्याचा जुना दाखलाही आहे. २९ मे १९५३ चा एव्हरेस्टच्या माथ्यावरचा तेनझिंगचा फोटो आपण सगळ्यांनी पाहिलाय, बर्फाच्या टोकावर उभा, उंचावलेल्या कुऱ्हाडीला झेंडे बांधलेले. तो हिलरीने घेतला कोडॅक रेटिनावर. आदल्या दशकांतला, घडी होणारा, सेकंडहँड विकत घेतलेला छोटा कॅमेरा. गारठू नये म्हणून हिलरीने तो शर्टाच्या आत, अंगालगत ठेवला होता. माथ्यावर ते दोघे जेमतेम पाव तास होते. तेवढ्यात हिलरीने तेनझिंगचा फोटो घेतला आणि खाली उतरत जाणाऱ्या डोंगरधारांचेही घेतले, आपण खरोखर माथ्यावर होतो याची खूण म्हणून. हा पाव तास मला फार मोलाचा वाटतो. त्यात लेन्स बदलायला जागाच नव्हती. १९२४ मध्ये मॅलरी आणि आयर्विन वर गेले तेव्हा त्यांच्याबरोबरही सहकारी सॉमरवेलने दिलेला खिशात मावणारा व्हेस्ट पॉकेट कोडॅक होता, असं मानलं जातं. मॅलरीचा मृतदेह १९९९ मध्ये मिळाला. कॅमेरा सापडलेला नाही, आणि ते माथ्यावर पोचले होते का हा प्रश्न त्याच्यातल्या फिल्मपाशी अडून बसलाय.

माथ्यावरच्या फोटोला किती अर्थ असतो, हे मराठी गिर्यारोहकांनी वेगळ्या वाटेनेही अनुभवलंय. २०१६ मध्ये पुणे पोलिस दलातल्या एका दाम्पत्याने एव्हरेस्ट चढल्याचा दावा केला. फोटो दुसऱ्याच्या फोटोंवरून बनवल्याचं उघड झालं आणि नेपाळने दोघांवर दहा वर्षांची बंदी घातली. ज्यांनी घाम गाळून, पैसे जमवून ते शिखर गाठलं होतं, त्या सगळ्यांच्या जिवाला ती गोष्ट लागली.

हिलरीचा शर्ट आजही उपयोगी आहे. थंडीत लिथियम बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, आतला अवरोध वाढतो आणि मागेल तेवढी वीज देता येत नाही. निम्मी भरलेली बॅटरी संपल्याचं दाखवून कॅमेरा बंद पडतो. ती संपलेली नसते. काखेत धरून ऊब दिली की परत चालते. म्हणून जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, रात्री स्लीपिंग बॅगमध्ये. सरपासच्या आधीचा नगारूचा कॅम्प वाऱ्याचा आहे, आणि तिथून पहाटेच्या अंधारातच निघायचं असतं. टेंटच्या कोपऱ्यात सॅकमध्ये राहिलेली बॅटरी सूर्योदयाला दगा देते. उलट, गारठलेला कॅमेरा एकदम उबदार लॉजमध्ये नेला की काचेच्या आतपर्यंत दव धरतं. आत शिरण्याआधी तो झिपच्या पिशवीत बंद करायचा आणि खोलीच्या उबेला येईपर्यंत उघडायचा नाही.

टेलिफोटोचं काय, असं कर्नाळ्याला पक्ष्यांचे फोटो काढणारी मंडळी हमखास विचारतात. मोनाल दिसला तर? दिसू दे. डोळे भरून बघा. किलोभर काच त्या एका शक्यतेसाठी खिंड ओलांडवून नेण्याच्या मी विरोधात आहे, आणि वाऱ्यात लेन्स बदलण्याच्या तर त्याहून. एकच लेन्स, लावलेली ती लावलेली.

मोबाइल पुरेल का? सरपासच्या वाटेवरच्या ग्रहण गावापर्यंत छान पुरतो. पण वर चार्जिंग नाही, आणि नकाशा, टॉर्च, घरी खुशाली कळवणं, सगळं त्या एकाच बॅटरीवर. कॅमेरा वेगळा असला की मोबाइल बंद करून अडचणीच्या वेळेसाठी राखता येतो. माझ्या लेखी वेगळा कॅमेरा नेण्याचं हे फोटोंच्या दर्जापेक्षाही मोठं कारण आहे.

मला स्वतःला विचाराल तर व्ह्यूफाइंडर असलेला छोटा मिररलेस आणि त्याची घडीची लेन्स, सगळं मिळून सहाशे ग्रॅमच्या आत, सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर क्लिपने अडकवलेला. एका हाताने निघतो, एका हाताने परत बसतो, चाल मोडत नाही. फक्त खिंडीपलीकडे बर्फावरून घसरत उतरायची वेळ आली की तो काढून सॅकमध्ये, कपड्यांच्या मध्ये गुंडाळायचा.

घेण्याआधी हार्बरने सीएसएमटी गाठा आणि बोरा बाजारात जाऊन कॅमेरा हातात धरून बघा. जाताना हातमोजे घेऊन जा, ते घालून बटणं दाबा. सेकंडहँड घेत असाल तर लेन्समधून टॉर्चचा उजेड पाडून जाळ्यासारखी बुरशी दिसते का ते तपासा, आपल्या पावसाळी हवेत ती फार लवकर धरते. मग निघण्याच्या महिनाभर आधी ठाकूरवाडीहून प्रबळमाची आणि पुढे कलावंतीण, भरलेल्या सॅकसह. कातळात कोरलेल्या त्या पायऱ्यांवर दोन्ही हात गुंतलेले असतात. पट्ट्यावरचा कॅमेरा कातळाला घासतो का, छातीवर आपटतो का, क्लिप सैल होते का, ते तिथेच कळेल. क्लिप बदलायची झाली तर हाताशी अजून महिना असेल.