दिलेली दृष्टी आणि घडविलेली दृष्टी

डोळ्याच्या अगदी समोर, घड्याळाच्या काचेप्रमाणे बसविलेला एक पारदर्शक पडदा असतो. त्याला पारपटल म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर असते. एवढ्याशा या पडद्यात रक्तवाहिनी नाही. ती असती तर प्रकाशाच्या वाटेत आडवी आली असती. त्याला प्राणवायू मिळतो तो मुख्यत्वे बाहेरच्या हवेतून आणि पोषण मिळते ते आतल्या पाण्यासारख्या द्रवातून. कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे तंतू त्यात इतक्या शिस्तीने रचलेले असतात की, प्रकाश न विखुरता त्यांतून पार जातो. जखमेने, जंतूंमुळे किंवा भाजल्यामुळे ही शिस्त मोडली, की पडदा पांढुरका होतो. यालाच आपल्याकडे ‘डोळ्यात फूल पडणे’ म्हणतात. नाव किती कोमल आणि त्यामागचे दुःख किती दारुण! आतला डोळा बहुधा धडधाकट असतो. फक्त समोरचे दार बंद झालेले असते.

हे दार पुन्हा उघडता येते, हे जगाला ७ डिसेंबर १९०५ या दिवशी समजले. आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ओलोमोत्स या गावी एडुआर्ड झिर्म या वैद्याने एका मजुरावर शस्त्रक्रिया केली. चुन्याने त्याचे दोन्ही डोळे भाजले होते. त्याच सुमारास एका अकरा वर्षांच्या मुलाचा लोखंडाचे कण शिरून निकामी झालेला डोळा काढावा लागला होता. त्या डोळ्याचे पारपटल झिर्मने मजुराला बसविले. एका डोळ्यातील रोपण टिकले आणि तो मजूर पुन्हा कामावर जाऊ लागला. पुढे मृत व्यक्तीचे पारपटलही उपयोगी पडते हे सिद्ध झाले, नेत्रपेढ्या निघाल्या आणि नेत्रदानाची प्रथा जगभर रुजली. श्रीलंकेसारख्या लहान देशाने १९६४ मध्ये सिंगापूरला पारपटले पाठविली आणि त्यानंतर अनेक देशांतील अंधांना दृष्टी दिली.

तरीही दान गरजेला पुरले नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीत असा हिशेब निघाला की, सत्तर गरजूंमागे एकच पारपटल उपलब्ध होते आणि सुमारे सव्वा कोटीहून अधिक माणसे वाट पाहत होती. शिवाय दान केलेले पारपटल फार तर काही आठवडे टिकते. म्हणूनच शास्त्रज्ञांच्या मनात प्रश्न उभा राहिला : जे मिळत नाही, ते घडविता येईल काय?

या प्रश्नाची उत्तरे आता एकामागून एक येऊ लागली आहेत. २०२२ मध्ये स्वीडनमधील लिंकोपिंग येथील संशोधकांनी डुकराच्या कातड्यातील शुद्ध केलेल्या कोलॅजनपासून पारपटलासारखी चकती तयार केल्याचे जाहीर केले. दिल्ली आणि तेहरान येथे वीस रुग्णांच्या डोळ्यांत ती बसविण्यात आली. या सर्वांचे पारपटल पातळ होऊन शंकूसारखे पुढे आले होते. त्यांच्यापैकी चौदा जण आधी अंध होते. दोन वर्षांनी त्यांतला एकही अंध उरला नाही. ही चकती दोन वर्षांपर्यंत साठवून ठेवता येते. जपानमध्ये क्योतो येथील शिगेरु किनोशिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. पारपटलाच्या आतल्या अस्तराच्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा वाढत नाहीत. या संशोधकांनी त्या पेशी प्रयोगशाळेत वाढविल्या आणि सुईने डोळ्यात सोडल्या. रुग्णाने त्यानंतर तीन तास पालथे पडून राहायचे, म्हणजे पेशी आपोआप पारपटलाच्या आतल्या बाजूस जाऊन चिकटतात. २०१८ मध्ये अकरा रुग्णांवरील यश प्रसिद्ध झाले आणि २०२३ मध्ये जपानी शासनाने या उपचाराला मान्यता दिली.

अशा वार्ता ऐकून कोणी म्हणेल, “आता पारपटले कारखान्यातच तयार होणार, मग नेत्रदानाची कटकट कशाला?” हा विचार वरवर पाहता शहाणपणाचा वाटतो, परंतु तो घातक आहे.

वीस रुग्णांचे यश हा आशेचा आरंभ होय, पुरवठ्याची हमी नव्हे. पारपटलाचे थर अनेक आणि रोगही अनेक. शंकूसारख्या झालेल्या पडद्याला जी चकती उपयोगी पडली, ती चुन्याने भाजलेल्या डोळ्यालाही तशीच लागू पडेल असे मानता येत नाही. आणि या नव्या उपायांतील कित्येकांचे मूळ शोधीत गेलो, तर आपण पुन्हा दात्यापाशीच येऊन पोहोचतो. क्योतोच्या पेशी आल्या कोठून? कोणा एका दात्याच्या पारपटलातून. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये छापयंत्रासारख्या यंत्राने पारपटल घडविले आणि ते सशाच्या डोळ्यात बसविले. त्यासाठी लागणारे द्रव्यही त्यांनी माणसाच्या दान केलेल्या पारपटलापासूनच तयार केले होते. विरजणाशिवाय दही लागत नाही, तसेच हे आहे. पूर्वी एका डोळ्याचे दान एका अंधाला मिळे. आता त्यातून अनेकांना मिळू शकेल. म्हणजे विज्ञानाने दानाची किंमत घटविली नाही, उलट ती वाढविली.

याच्या उलट टोकाला जाऊन, “माणसाने दिलेले तेच खरे, घडविलेले ते कृत्रिम,” असे म्हणणारेही योग्य बोलत नाहीत. सत्तरांपैकी एकोणसत्तर जण ज्या रांगेत उभे आहेत, तेथे असा अभिमान शोभत नाही. डुकराच्या कातड्याचे नाव ऐकून काही श्रद्धावंतांचे मन कचरेल, हे खरे. त्यांना वस्तूचे मूळ स्पष्ट सांगावे आणि निर्णय त्यांच्यावर सोपवावा. दृष्टी देतानाही माणसाला अंधारात ठेवू नये.

माझ्या मते खरी कसोटी निराळीच आहे. हे नवे पडदे अखेर कोणाच्या डोळ्यांपर्यंत पोहोचणार? डोळ्यात काडी जाते ती शेतात राबणाऱ्याच्या. ठिणगी उडते ती लोहाराच्या. तंबाखूसाठी आणलेली चुन्याची पुडी दाबताना फुटते आणि खेळणाऱ्या पोराचा डोळा भाजते. ज्यांना या उपायांची सर्वांत अधिक गरज, त्यांच्याच खिशात पैसा सर्वांत कमी. म्हणून नव्या शोधाची थोरवी तो किती अद्भुत आहे यावरून न ठरविता, तो किती स्वस्त होतो यावरून ठरवावी. हे अशक्य नाही. भाजलेल्या डोळ्यासाठी प्रयोगशाळेत पेशी वाढविण्याच्या युरोपीय उपचाराला २०१५ मध्ये मान्यता मिळाली. परंतु हैदराबादच्या वीरेंद्र सांगवान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्येच एक साधी रीत सांगितली होती. रुग्णाच्या निरोगी डोळ्याच्या पारपटलाच्या काठाचा इवलासा तुकडा घ्यायचा, त्याचे बारीक कण करायचे आणि गर्भाभोवतीच्या पातळ पडद्यावर ठेवून भाजलेल्या डोळ्यावर बसवायचे. मग पेशी डोळ्यावरच वाढतात. महागडी प्रयोगशाळा हवीच कशाला? रुग्णाचा डोळाच येथे प्रयोगशाळा झाला!

विद्यार्थ्यांनो, यात तुमचाही वाटा आहे. चुन्याची पुडी लहान भावंडांच्या हाती पडू देऊ नका. आणि चुना डोळ्यात गेलाच, तर आधी भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहा, मग वैद्याकडे धाव घ्या. मृत्यूनंतर साधारणपणे सहा तासांच्या आत नेत्रदान व्हावे लागते. नेत्रदानाचा अर्ज कपाटात असतो, पण दुःखाच्या घटकेला नेत्रपेढीला कळविण्याचे भान घरातील कोणाला तरी राहावे लागते. म्हणून हा विषय आजच घरात काढा. वडीलधाऱ्यांची इच्छा विचारून ठेवा. उद्या तुमच्यापैकी कोणी प्रयोगशाळेत पारपटल घडवील, कोणी ते गरिबाच्या डोळ्यात बसवील. तो उद्या उगवेपर्यंत आजच्या अंधाला मात्र आपण दिलेल्या दृष्टीवाचून दुसरा आधार नाही.